तिसऱ्या पानावरचा गोलकीपर

त्या लहानशा शहरात साप्ताहिक एकच होतं, आणि त्या साप्ताहिकाची प्रुफं एकतीस वर्षं एकच माणूस वाचत होता. ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं दिसलं की त्यांची कपाळावरची शीर उडायची. म्हणून छापखान्यातल्या कुणीतरी त्यांचं नाव वेलांटीकाका ठेवलं, आणि ते असं चिकटलं की त्यांच्या बायकोलाही दवाखान्यात लोक वेलांटीकाकू म्हणायला लागले. काकू तिथे नोंदणीच्या खिडकीवर बसायच्या. त्यांना ते नाव मुळीच आवडत नसे. "मी काय कुणाच्या अक्षराला लटकलेय?" असं त्या विचारायच्या, आणि विचारताना खिडकीतून पुढचा कागद मागायच्या.

काकांनी स्वतः कधी एक ओळ लिहिली नव्हती. दुसऱ्याच्या ओळी नीट करण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रारही नव्हती. पण तिसऱ्या पानावर सदर लिहिणारे वकीलसाहेब शहर सोडून गेले, आणि बुधवारी दुपारी पान लावताना तिथे तळहाताएवढी जागा मोकळी राहिली. संपादकबाई काकांच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"काका, एवढी जागा भरून द्या."

"कशानं?"

"आठवड्यात जे झालं त्यानं. काहीतरी झालंच असेल की."

काकांनी पेन्सिल उचलली. पादचारी पूल आठ दिवसांत खुला होईल असं नगरपालिकेनं याही आठवड्यात सांगितलं आहे, असं त्यांनी लिहिलं. फुटबॉल संघ सलग चौथा सामना हरला, आता हरण्याची सवय सुटणं अवघड आहे, असं लिहिलं. तरीही चार ओळींची जागा उरली. मग लिहिलं, की परगावी नोकरी करणाऱ्या मुलीचा रविवारी फोन आला, ती आईशी चाळीस मिनिटं बोलली आणि बापाशी एकच वाक्य बोलली. ते वाक्य "बाबा, फोन आईला द्या" हे होतं.

गुरुवारी अंक बाहेर पडला आणि शुक्रवारी औषधांच्या दुकानदारानं काकांना रस्त्यात थांबवून हात मिळवला. त्याच्याही घरी मुलगी होती.

अशी त्या सदराची सुरुवात झाली. बातम्या, खेळ आणि घर, याच क्रमानं काका लिहीत गेले. खाली नाव नसायचं, पण कोण लिहितं ते सगळ्यांना ठाऊक होतं. लोक अंक हातात आला की आधी तिसरं पान उघडायचे. काका वरवर काही दाखवत नसत, पण गुरुवारी ते घरून वीस मिनिटं लवकर निघायचे आणि मुद्दाम बाजाराच्या रस्त्यानं जायचे.

घरात मात्र पहिल्याच महिन्यात ठिणगी पडली. काकू तेव्हा गाडी चालवायला शिकत होत्या. काकांनी लिहिलं, की शिकवणारा मास्तर पहिल्या दिवशी शेजारच्या सीटवर बसून सूचना देत होता, दुसऱ्या दिवशी डोळे मिटून देत होता, आणि आता तो फुटपाथवरून देतो. काकू संध्याकाळी घरी आल्या त्या पर्स खांद्यावर तशीच ठेवून. त्यांनी अंक टेबलावर आपटला.

"आज खिडकीवर एक बाई आली. ताप एकशे दोन. नाव विचारलं, तर नाव सांगायच्या आधी मला म्हणते, काकू, मास्तर बरे आहेत ना?"

काकांना हसू आवरेना. ते त्यांनी चहाच्या कपात लपवलं.

"हसा. पण एक ऐकून ठेवा. या घरातलं काही लिहायचं असेल, तर आधी मला वाचून दाखवायचं. मी हो म्हटलं तर छापायचं."

तेव्हापासून मंगळवारी संध्याकाळी वाचन होऊ लागलं. काका वाचायचे, काकू भाजी निवडत ऐकायच्या आणि मान हलवायच्या. उभी हलली तर ओळ राहायची, आडवी हलली तर ती जायची. काकांना सुरुवातीला राग यायचा. पुढे त्यांच्या लक्षात आलं, की काकूंनी काढायला लावलेल्या ओळी बहुतेक वेळा वाईटच असायच्या.

खेळाचा भाग मात्र कुणाला वाचून दाखवायचा नव्हता. तो सगळ्यात सोपा होता. रविवारी संध्याकाळी क्लबचे चिटणीस कार्यालयात फोन करून निकाल कळवायचे, कुणी किती गोल केले आणि किती खाल्ले एवढंच. त्या आकड्यांवर काका आपली फोडणी द्यायचे. संघ हरत राहिला तशी फोडणी चुरचुरीत होत गेली, आणि ती बहुतेक वेळा गोलकीपरच्या अंगावर उडायची. हरणाऱ्या संघात दहा जण पळत असतात, त्यांतला नेमका दोषी शोधायला वेळ लागतो. अकरावा एका जागी उभा असतो. तो सापडतो.

एका आठवड्यात संघानं पाच गोल खाल्ले. काकांनी लिहिलं: "आपल्या गोलकीपरनं पाचही वेळा चेंडूला वाट करून दिली. आलेल्या पाहुण्याला अडवू नये, अशी त्याच्या घरची शिकवण असावी."

संपादकबाई प्रूफ वाचताना मोठ्यानं हसल्या. औषधांच्या दुकानदाराला ती ओळ पाठ झाली.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, एका शुक्रवारी, काकांच्या स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा पाइप गळू लागला. आधी थेंब थेंब, मग धार. काकांनी सांध्याला फडकं गुंडाळलं, त्यावर दोरी बांधली आणि खाली पातेलं ठेवलं. काकूंनी ते सगळं बघितलं आणि प्लंबरला फोन लावला.

शनिवारी दुपारी प्लंबर आला. पस्तिशीचा, चांगला उंच माणूस. दारातून आत येताना सवयीनं मान खाली घालणारा. त्यानं दोरी सोडली, फडकं बाजूला ठेवलं. "हे कुणी बांधलं?" असं न विचारण्याइतका तो सभ्य होता. मग तो पाठीवर झोपून सिंकखाली शिरला. बाहेर राहिले ते त्याचे लांब पाय, थेट फ्रिजपर्यंत. काकू कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या होत्या. काका टेबलाशी बसून पुढच्या अंकाची प्रुफं तपासत होते.

"काका, तो मोठा पाना द्या जरा."

काकांनी पिशवीतून पाना काढून दिला.

"तुमचं पान आणि माझा पाना," आतून आवाज आला. "एका कान्याचा फरक."

काकांची पेन्सिल थांबली. एकतीस वर्षांत त्यांच्याशी असला विनोद कुणी केला नव्हता. "वा!" ते म्हणाले. "वाचता वाटतं तुम्ही आमचा अंक?"

"तिसरं पान वाचतो. वाचावंच लागतं." थोडा वेळ पाना फिरण्याचा आवाज आला. "अकरा वेळा आलोय मी त्यात."

"तुम्ही?"

"मी गोलकीपर."

ज्याच्यावर काकांनी अकरा वेळा लिहिलं होतं, तो माणूस त्यांच्याच स्वयंपाकघरात जमिनीवर आडवा होता आणि त्यांचाच पाइप त्याच्या हातात होता. उठून निघून जावं, तर घर त्यांचंच. काहीतरी बोलावं म्हणून ते म्हणाले, "ते आपलं... गमतीत असतं."

"असतं ना. मलाही हसू येतं. गोल होईपर्यंत मी बुटाची नाडी बांधत होतो, ते तर मस्तच होतं." आवाजात राग नव्हता. "माझी अडचण वेगळी आहे. माझ्या आईला दिसत नाही. सहा वर्षं झाली, आता उजेड-अंधार एवढंच कळतं. गुरुवारी अंक आला की ती मला तुमचं सदर वाचायला लावते. माझं नाव छापून येतं म्हणून तिला कोण अभिमान! म्हणजे नाव नसतं, पण गोलकीपर म्हणजे मीच की. मग मी जरा फिरवून वाचतो."

"फिरवून म्हणजे?"

प्लंबर सिंकखालून बाहेर सरकला, कोपरावर टेकला आणि कपाळावरचं पाणी पुसून पाठ म्हणावं तसं म्हणाला, "'आपल्या गोलकीपरनं पाच वेळा चेंडूची वाट अडवली. आला पाहुणा म्हणून कुणालाही आत घेऊ नये, अशी त्याच्या घरची शिकवण असावी.' आई दोन दिवस खूश होती."

एका वेलांटीसाठी संपादकांशी भांडणारे काका आपल्या वाक्याचं ते उलटं केलेलं रूप मनात घोळवत राहिले. वाक्य फार बदललं नव्हतं. खरं सांगायचं तर ते जरा सुधारलंच होतं.

"एक वायसर गेला होता," प्लंबर उठत म्हणाला. "नवा टाकलाय. आणि काका, आई म्हणते, लिहिणाऱ्यांना एकदा घरी घेऊन ये. मी आजवर टाळलं. पण आता तुमच्या घरी आलो होतो हे तिला कळणारच. तुम्ही आलात की ती तुम्हालाच वाचायला लावील. तेव्हा तेवढं जरा... सांभाळून."

तो गेल्यावर काकू गच्चीवरून खाली आल्या. काकांनी त्यांना सगळं सांगितलं. काकूंनी नळ उघडून बघितला, बंद केला, खाली वाकून सांधा कोरडा आहे का ते बोट लावून बघितलं. मग म्हणाल्या, "माझ्याबद्दल लिहिता, ते मला आधी वाचून दाखवता. त्याला कोण दाखवतं?"

काका पुन्हा प्रुफं वाचायला बसले. त्या दिवशी तपासलेल्या पानात पुढे तीन चुका छापल्या गेल्या, हे संपादकबाईंनी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं.

सोमवारी संध्याकाळी काका गोलकीपरच्या घरी गेले. दोन खोल्या, खिडकीशी लाकडी खुर्ची, आणि खुर्चीत पांढरे केस घट्ट बांधलेली एक ताठ बाई. त्यांच्या मांडीवर कापडी फाइल होती. आत काकांचं सदर, कात्रण करून, एकेका कागदावर चिकटवलेलं. कडा सरळ कापलेल्या होत्या.

"कापतो तो," त्या म्हणाल्या. "चिकटवते मी. बसा. चहा ठेव रे." मुलगा आतल्या खोलीत गेला तसं त्यांनी फाइल काकांपुढे धरली. "कुठलंही एक वाचा. तुमच्या तोंडून ऐकू दे."

काकांनी फाइल उघडली आणि नेमकं पाच गोलांचं पान समोर आलं. त्यांनी घसा साफ केला. पुलाची बातमी ठीक वाचली. मग खेळ आला. प्लंबरनं म्हणून दाखवलेलं वाक्य त्यांना आठवत होतं, पण डोळ्यांसमोर छापलेलं दुसरंच होतं, आणि छापलेल्यापेक्षा वेगळं वाचणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. ते अडखळले. "गोलकीपरनं पाचही वेळा... पाच वेळा... चेंडूला... चेंडूची..." कसंबसं त्यांनी ते वाक्य पलीकडे नेलं.

बाईंनी डोकं थोडं कलतं करून ऐकलं.

"तुमच्यापेक्षा तो बरा वाचतो," त्या म्हणाल्या.

काकांनी फाइल त्यांच्या मांडीवर परत ठेवली.

"घाबरू नका. मला माहीत आहे सगळं. गुरुवारी तो वाचतो, शुक्रवारी सकाळी शेजारीण वाचते. ती एक अक्षर बदलत नाही, तेवढी अक्कलच नाही तिला. मला आपले एका आठवड्याचे दोन आठवडे मिळतात." त्यांनी आतल्या खोलीच्या दिशेनं हात केला आणि आवाज खाली आणला. "त्याला सांगू नका मात्र. वाक्यं फिरवायची असतात ना, म्हणून गुरुवारी लवकर येतो कामावरून. येताना कोपऱ्यावर उभा राहून आधी वाचून घेतो, जुळवून ठेवतो. ते त्याचं हौसेचं काम आहे."

"माझं चुकलं," काका म्हणाले.

"नाडीचं चुकलं नाही. ते हसण्यासारखंच होतं. पण घरची शिकवण म्हणालात, ते लागलं. घरात मी एकटीच होते शिकवायला." हे त्या कुरकुर न करता म्हणाल्या. मग फाइल मिटून विचारलं, "तुम्ही त्याला खेळताना कधी बघितलंय का हो?"

"नाही."

"मीही गेली सहा वर्षं नाही बघितलं. पण मला दिसत नाही. तुमचं काय?"

तेवढ्यात चहा आला, म्हणून काकांना उत्तर द्यावं लागलं नाही. गोलकीपरनं ट्रे ठेवताना काकांकडे प्रश्नार्थक बघितलं. काकांनी मान उभी हलवली. तो निवांत झाला आणि बिस्किटांचा डबा काढायला परत आत गेला.

पुढच्या रविवारी काका मैदानावर गेले. बरोबर काकूही होत्या. गाडी त्यांनीच चालवली आणि काकांनी डोळे उघडे ठेवले. पायऱ्यांवर साठेक माणसं होती. काकांना फुटबॉलमधलं फारसं काही कळत नव्हतं, पण चुका शोधायची नजर होती, आणि ती नजर इथेही कामाला आली. अर्ध्या तासात त्यांना दिसलं, की डाव्या बाजूचा खेळाडू चेंडू आला की आधी मोजे वर ओढतो. दिसलं, की मधले दोघं एकमेकांकडे बघत थांबतात, तू जा, नाही तू जा. आणि या सगळ्यांच्या मागे तो उंच माणूस सतत ओरडत होता, हात पसरत होता, मातीत पडत होता, उठत होता. काकांनी खिशातला कागद काढला आणि रेघा ओढायला सुरुवात केली. पाहुण्यांनी अकरा वेळा चेंडू गोलाकडे मारला. नऊ वेळा त्यानं अडवला, त्यातला एक तर बोटांच्या टोकांनी खांबावरून बाहेर काढला, तेव्हा काकू उभ्या राहून ओरडल्या. दोनदा चेंडू आत गेला. संघ दोन-शून्यनं हरला.

संध्याकाळी चिटणीसांचा फोन आला. "दोन-शून्य," ते म्हणाले.

"आणि अडवलेले किती?"

"कसले अडवलेले?"

ते नऊ कुणाच्याच वहीत नव्हते.

मंगळवारी काकांनी पूर्ण सदर काकूंना वाचून दाखवलं, खेळासकट. मग गोलकीपरला फोन लावून खेळाचा भाग त्यालाही वाचून दाखवला. तो दुसरीकडे कुठल्यातरी टाकीवर चढलेला होता. "छापा की," एवढंच म्हणाला.

छापून आलं ते असं: "पाहुण्यांनी अकरा वेळा चेंडू मारला, दोनदा आत गेला. उरलेल्या नऊ वेळांबद्दल हे पान आजवर गप्प होतं, कारण लिहिणारा मैदानावर कधी गेलाच नव्हता. डावीकडच्या खेळाडूला घट्ट मोजे मिळाले तर संघाचं निम्मं काम होईल." आणि खाली, वेगळ्या चौकटीत: "शुद्धिपत्र. दोनेक महिन्यांपूर्वी या सदरात गोलकीपरच्या घरच्या शिकवणीविषयी एक वाक्य आलं होतं. ते चुकीचं होतं. घरची शिकवण उत्तम आहे. लिहिणाऱ्यानं स्वतः जाऊन खात्री केली आहे."

गुरुवारी संध्याकाळी काकांच्या घरचा फोन वाजला.

"काका, हे काय केलंत?" गोलकीपर म्हणाला. "बदलायला काही ठेवलंच नाहीत. मी कोपऱ्यावर उभा राहून तीनदा वाचलं. मग वाचलं आपलं जसंच्या तसं. आई म्हणते, आज तुझं वाचन काही रंगलं नाही."

काका इतके हसले की काकू स्वयंपाकघरातून बघायला आल्या.

त्यानंतरच्या आठवड्यांत काकांनी आपली फोडणी परत सुरू केली, पण आता बघून. ज्या रविवारी गोलकीपरनं खरोखरच सोपा चेंडू सोडला, त्या आठवड्यात तसं लिहिलं, आणि मंगळवारी त्याला वाचून दाखवलं. तो ऐकायचा, कधी म्हणायचा, "यापेक्षा जास्त वाईट झालं होतं, तुम्ही मागे बसला होतात म्हणून दिसलं नाही," आणि स्वतःवरच एखादी अशी ओळ सुचवायचा की काका ती खुशाल घेऊन टाकायचे. फिरवायला त्याच्याजवळ पुन्हा भरपूर काही राहू लागलं. शेजारीण काय वाचते, हे काकांनी त्याला कधी सांगितलं नाही.

संघ त्या वर्षी शेवटून दुसरा आला. हंगामाचा शेवटचा सामना घरच्याच मैदानावर होता. त्या दिवशी काकू आपल्या गाडीतून गोलकीपरच्या आईला घेऊन आल्या. बाई आधी नको नको म्हणत होत्या, "मी येऊन काय बघणार?" म्हणत होत्या, पण शाल बाहेर काढून ठेवलेली होती. त्यांच्यासाठी घडीची खुर्ची थेट गोलाच्या जाळीमागे ठेवली. काका शेजारी उभे राहिले, चाललंय ते सांगायला.

"आता चेंडू मध्यावर आहे," काकांनी सुरुवात केली. "आता त्यांच्या उंच माणसाकडे गेला. तो पुढे—"

"थांबा," बाई म्हणाल्या.

पुढून धप्प असा जाड आवाज आला, रबरी हातमोज्यांवर चेंडू आपटल्याचा.

"हा हातात आला," त्या म्हणाल्या.

खरंच आला होता. काकांनी तोंड मिटलं. थोड्या वेळानं पलीकडून पावलांची धावपळ आली, कुणीतरी ओरडलं, आणि मग समोरची जाळी हलकेच फुरफुरली.

"हा गेला," बाई म्हणाल्या. "पण तो पडला बरं का त्याच्यासाठी. ऐकलं मी. चांगला जोरात पडला."

गोलकीपर माती झटकत उठला. मागे वळून त्यानं जाळीतून चेंडू काढला, आईकडे बघितलं, आणि तिला दिसत नाही हे विसरून हात हलवला.